भ्रूणाला कायद्याने ‘व्यक्ती’ ठरवलं, तर गर्भपाताच्या कायद्याचं काय होईल?

तलावपाळी (धागाकर्ती)

या मंचाच्या आरोग्य विभागातल्या धाग्यावर हा विषय निघाला आणि तिथं विषयांतर व्हायला लागलं, म्हणून वेगळा धागा काढते आहे. प्रश्न असा होता: गर्भधारणेपासूनच भ्रूणाला कायदेशीर व्यक्ती मानणारा कायदा आपल्याकडे आला, तर एमटीपी कायदा, म्हणजे ठरावीक अटींवर गर्भपात करू देणारा कायदा, टिकेल का?

माझं उत्तर आधीच सांगते. तसा कायदा आला तर टिकणार नाही. आणि तो न येताही त्यामागचा युक्तिवाद आपल्या न्यायालयांत केव्हाच शिरलेला आहे. कारण आपला कायदा बाईला गर्भपाताचा हक्क देत नाही, डॉक्टरला शिक्षेतून सूट देतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम ८८ काढून बघा, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) ३१२. बाईच्या संमतीनेही गर्भपात घडवणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पोटात हालचाल जाणवू लागल्यानंतर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा याच कलमात येते, असं स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. अपवाद एकच: बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती. १८६० सालचा हा मजकूर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत जवळपास तसाच उतरला. शांतिलाल शहा समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला, त्यावरून १९७१ चा एमटीपी कायदा आला आणि १ एप्रिल १९७२ ला लागू झाला. त्याचं कलम ३ सुरूच होतं ते दंड संहितेत काहीही असलं तरी अमुक अटी पाळणारा नोंदणीकृत डॉक्टर दोषी ठरणार नाही, असं म्हणत.

आता भ्रूणाचा दर्जा. संहितेच्या कलम १०० चं तिसरं स्पष्टीकरण सांगतं की आईच्या पोटातल्या मुलाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नाही. मात्र मुलाचा कुठलाही भाग बाहेर आल्यावर, ते जिवंत असताना मारलं तर तो मनुष्यवध होऊ शकतो. म्हणजे फौजदारी कायद्याने रेघ प्रसूतीपाशी ओढली आहे. दिवाणी कायद्यात पोटातल्या मुलाला हक्क आहेत, पण सशर्त. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २० प्रमाणे बाप वारला तेव्हा पोटात असलेलं मूल पुढे जिवंत जन्मलं, तर त्याला आधी जन्मलेल्या मुलाइतकाच वाटा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १३ खाली न जन्मलेल्याच्या लाभासाठीही व्यवस्था करता येते. या दोन तरतुदी दाखवून ‘म्हणजे भ्रूण आधीपासूनच व्यक्ती आहे’ असं बरेच जण म्हणतात. ते चूक आहे. मूल जिवंत जन्मलंच नाही, तर वारशाचा तो हक्क कधी होताच असं धरलं जात नाही.

आता या रचनेत एकच ओळ घाला: ‘व्यक्ती म्हणजे गर्भधारणेपासूनचा भ्रूणही.’ कलम १०० चं स्पष्टीकरण पडतं. घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये ‘कोणत्याही व्यक्तीला’ असे शब्द आहेत, त्यामुळे डॉक्टरला सूट देणारं कलम ३ थेट घटनेशी भिडतं. एका व्यक्तीच्या मानसिक आरोग्यासाठी दुसरीचा जीव घेण्याची परवानगी कुठलंही न्यायालय टिकवणार नाही.

पामबीच

लेख चांगला आहे, पण दुसरी बाजूही यायला हवी. महाराष्ट्रात मुलींचं प्रमाण कशामुळे घसरलं हे सगळ्यांना माहीत आहे. पोटातल्या मुलीला काहीच दर्जा नसेल तर तिच्या बाजूने उभं कोण राहणार? दुसरं म्हणजे, सव्वीस-अठ्ठावीस आठवड्यांचं बाळ आज एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, जगतं. एका मजल्यावर त्याला वाचवायची धडपड आणि दुसऱ्या मजल्यावर तेवढ्याच आठवड्यांच्या गर्भाला काहीच किंमत नाही, हे मला पटत नाही. बाईला तुरुंगात टाका असं मी म्हणत नाही. पण गर्भाला थोडातरी दर्जा असावा.

तलावपाळी

पामबीच, मुलींबद्दलचा मुद्दा गंभीर आहे म्हणून त्याचं उत्तर आधी.

लिंगनिवड रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, मग १९९४ चा केंद्रीय पीसीपीएनडीटी कायदा आला. त्याचा रोख गर्भलिंग तपासणी करणाऱ्यावर आहे: सोनोग्राफी यंत्राची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद ठेवणारा फॉर्म एफ, लिंग सांगणाऱ्या डॉक्टरला पहिल्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. बाईवर मात्र सक्ती झाली असं गृहीत धरलेलं आहे. हा विचार करून ठेवलेला भाग आहे, कारण सासरच्या दबावाखाली तपासणीला आणलेली बाई आरोपी झाली तर तक्रार करायला कुणीच उरत नाही. भ्रूणाला व्यक्ती केलं की हा तोल उलटतो. गुन्हा तपासणीचा राहत नाही, गर्भपाताचा होतो, आणि सगळ्यात सहज सापडणारी आरोपी म्हणजे जिच्या पोटात गर्भ होता ती.

‘थोडातरी दर्जा’ हे कायद्यात का जमत नाही, ते अमेरिकेत नीट दिसतं. गर्भपाताला देशभर घटनेचं संरक्षण देणाऱ्या २२ जानेवारी १९७३ च्या रो खटल्यात टेक्सास राज्याचा युक्तिवाद हाच होता की भ्रूण चौदाव्या घटनादुरुस्तीतली ‘व्यक्ती’ आहे. न्यायालयाने तो फेटाळला, पण तो मान्य झाला असता तर समोरच्या बाजूचा खटलाच कोसळला असता हेही निकालपत्रात लिहिलं. तेव्हापासून गर्भपातविरोधी चळवळीचं लक्ष त्या एका शब्दावर आहे. कोलोरॅडोत २००८, २०१० आणि २०१४ असं तीनदा, मिसिसिपीत २०११ मध्ये मतदारांनी भ्रूणाला व्यक्ती ठरवणारे प्रस्ताव नाकारले. मिसिसिपी गर्भपाताला कडवा विरोध करणारं राज्य असूनही! गर्भनिरोधक साधनं आणि आयव्हीएफ (प्रयोगशाळेत फलन करून मूल होण्याचे उपचार) यांचं काय होणार, या शंकेने तिथली मतं फिरली.

२४ जून २०२२ ला डॉब्स निकालाने रो रद्द झाला आणि विषय राज्यांकडे गेला. जॉर्जियाचा २०१९ चा कायदा त्यानंतर लागू झाला. गर्भाशयातला कुठल्याही टप्प्यावरचा भ्रूण तिथे ‘नैसर्गिक व्यक्ती’ आहे. हृदयाचे ठोके टिपता येऊ लागले, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यापासून, आयकरात त्याची अवलंबित म्हणून वजावट मिळते, लोकसंख्येत तो मोजायचा आहे. २०२५ मध्ये तिथल्याच एका मेंदूमृत गर्भवतीला बाळ बाहेर काढेपर्यंत जवळपास चार महिने यंत्रांवर ठेवलं गेलं. कायद्यामुळे आपले हात बांधलेत असं रुग्णालयाने सांगितल्याचं घरच्यांचं म्हणणं होतं, तर कायदा तसं सांगत नाही असं राज्याच्या महाधिवक्त्यांचं कार्यालय म्हणालं. माझ्या दृष्टीने खरी अडचण इथे आहे. दर्जा एका ओळीत देता येतो. त्याचा अर्थ रात्री दोन वाजता आयसीयूतल्या डॉक्टरने लावायचा असतो, आणि तो स्वतःला तुरुंगापासून वाचवेल असाच लावतो.

ऐरोली_लॅब

भ्रूणशास्त्राच्या बाजूने भर घालतो. वर आयव्हीएफचा उल्लेख आलाच आहे.

अलाबामा सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२४ ला निकाल दिला की प्रयोगशाळेत गोठवलेले भ्रूणही तिथल्या १८७२ च्या कायद्याखाली ‘मूल’ आहेत, त्यामुळे ते नष्ट झाले तर अल्पवयीनाच्या मृत्यूबद्दल भरपाई मागता येते. काही दिवसांतच तिथल्या केंद्रांनी उपचार थांबवले, आणि मार्चच्या सुरुवातीला विधिमंडळाला घाईघाईने केंद्रांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. भ्रूण मूल आहे की नाही, हा प्रश्न त्या कायद्याने सोडवलाच नाही.

आपल्याकडचा २०२१ चा एआरटी कायदा (आयव्हीएफसारख्या उपचारांचं नियमन करणारा) याच्या नेमका उलट पायावर उभा आहे. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं साठवायचा, मग तो नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा, असं कलम २८ सांगतं. व्यक्तीचा दर्जा गर्भधारणेपासून म्हणजे फलनापासून धरला, तर हे कलम पाळणं हाच मनुष्यवध होईल.

रोजच्या कामात काय होतं तेही सांगतो. उपचाराच्या एका फेरीत (सायकलमध्ये) दहा-बारा बीजं मिळाली तरी सगळी फलित होत नाहीत, फलित झालेल्यांपैकी बरीच पाचव्या दिवसापर्यंत पोचत नाहीत. दर्जा खालावलेले भ्रूण आम्ही गोठवत नाही, कारण वितळवताना ते टिकत नाहीत. यातला प्रत्येक निर्णय मृत्यूच्या चौकशीचा विषय झाला, तर एकच बीज फलित करून तेच सोडणं एवढाच मार्ग उरतो. मग यशाची शक्यता कमी आणि खर्च तेवढाच, दर महिन्याला नव्याने. तिळ्या राहिल्यावर आईसाठी आणि उरलेल्या बाळांसाठी एक गर्भ कमी करण्याची प्रक्रियाही बंद.

डॉ. कोपरी

आयर्लंडचं उदाहरण अजून कुणी दिलं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी ते पाठ करून ठेवावं असं आहे.

१९८३ मध्ये आयर्लंडने घटनेत आठवी दुरुस्ती करून गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क दिला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सविता हलप्पनवार, मूळची बेळगावची, स्वतः दंतवैद्य, सतराव्या आठवड्यात गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. गर्भपात अटळ होता, पाणमोट फुटली होती. सतराव्या आठवड्यात पाणमोट फुटल्यावर मूल वाचत नाही आणि गर्भाशयात जंतुसंसर्ग चढायला वेळ लागत नाही. अशा वेळी गर्भाशय रिकामं करणं हाच उपचार. तिने आणि नवऱ्याने तशी विनंती केली. गर्भाचे ठोके सुरू होते म्हणून थांबले. २८ ऑक्टोबरला ती सेप्सिसने, म्हणजे शरीरभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने, गेली. वय ३१. आईच्या जिवाला खरा आणि मोठा धोका असेल तर करता येईल, असं तिथला कायदा म्हणतच होता. पण धोका ‘पुरेसा’ झाला हे कुठल्या तापमानाला, कुठल्या नाडीला ठरवायचं? सेप्सिसमध्ये तो क्षण दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्क्यांनी ती दुरुस्ती रद्द झाली.

आपल्या कायद्यात या प्रसंगासाठी कलम ५ आहे: बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही, दुसऱ्या डॉक्टरचं मत नाही, वैद्यकीय मंडळ (बोर्ड) नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ३ एप्रिल २०१९ च्या निकालात स्पष्ट केलं की यासाठी कोर्टाच्या परवानगीची वाट बघायची नाही. तरीही कॅज्युअल्टीत ‘आधी कायदेशीर मत घेऊ’ असं म्हणणारे सहकारी भेटतात. कृपया असं करू नका. पाणमोट फुटून ताप आलेली सतरा-अठरा आठवड्यांची बाई हा कलम ५ चाच प्रसंग आहे. केसपेपरवर वेळ, तापमान, नाडी, रक्तदाब, पांढऱ्या पेशी आणि ‘जीव वाचवण्यासाठी तात्काळ आवश्यक’ असं स्पष्ट लिहा आणि कामाला लागा.

गर्भनलिकेतल्या गर्भाचंही तेच. तो गर्भ कधीच जन्मणार नसतो आणि नलिका फुटली तर तासाभरात पोटात दीड-दोन लिटर रक्त जमू शकतं. व्यक्तीचा दर्जा देणाऱ्या मसुद्यांमध्ये हा अपवाद वेगळा लिहावा लागतो, यावरूनच मूळ व्याख्या किती ढोबळ आहे ते कळतं.

खारघर१२

डॉक्टर, धन्यवाद. प्रत्यक्षात लोक अडकतात ते आठवड्यांच्या हिशेबात. तो सविस्तर सांगाल का?

डॉ. कोपरी

हो, आणि हा भाग प्रत्येकीने समजून घ्यावा असा आहे.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. समजा शेवटची पाळी १ जानेवारीला आली. गोळ्यांनी गर्भपाताची मर्यादा नऊ आठवडे, ती ५ मार्चला संपते. एका डॉक्टरच्या मतावर करता येणारे वीस आठवडे २१ मे ला पूर्ण होतात. दोन डॉक्टरांच्या मताने ठरावीक गटांसाठी असलेले चोवीस आठवडे १८ जूनला.

आता तपासण्या लावा. ॲनोमली स्कॅन (गर्भातलं व्यंग शोधणारी सोनोग्राफी) अठरा ते वीस आठवड्यांत करतात. तो १४ मे ला झाला, म्हणजे एकोणीस आठवडे पूर्ण. त्यात हृदयात काही दिसलं तर गर्भाची टूडी-एको बावीसच्या आसपास चांगली दिसते, म्हणजे ४ जून. सोबत २० मे ला गर्भजल काढलं, तर गुणसूत्रांचा पूर्ण अहवाल यायला दोन ते तीन आठवडे, म्हणजे १० जून. झटपट चाचणी काही दिवसांत येते, पण तीत ठरावीक गुणसूत्रंच तपासली जातात. अहवाल हातात, समुपदेशन, घरच्यांशी बोलणं, दुसरं मत... १८ जून आलाच. कुणीही दिरंगाई केलेली नसताना आठ दिवस उरतात. म्हणूनच २०२१ च्या दुरुस्तीने गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निदानावर वरची मर्यादा काढून टाकली. मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं, आणि परवानगी असेल तर पाच दिवसांत प्रक्रिया व्हायला हवी.

चुकतं कुठे? पहिल्या तिमाहीतला स्कॅन केलेलाच नसतो. त्या काळात मोजलेलं वय पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर येतं. विसाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदा मोजलं तर फरक दहा ते चौदा दिवसांवर जातो, आणि तेवढ्याने बाई मर्यादेच्या अलीकडची पलीकडे जाते. पाळी अनियमित असेल किंवा बाळंतपणानंतर अंगावर पाजताना पाळी न येताच दिवस राहिले असतील, तर हा पहिला स्कॅन फार महत्त्वाचा.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. किटमध्ये मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात, दोन्हींमध्ये २४ ते ४८ तासांचं अंतर. साधारण दोन आठवड्यांनी तपासणी. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, त्याचं कारण वरच आलंय: गर्भ नलिकेत असेल तर गोळ्या त्यावर चालत नाहीत, आणि रक्तस्राव झाला म्हणजे काम झालं असं वाटून नलिका फुटेपर्यंत कुणी बघत नाही. तासाला दोन मोठे पॅड भिजायला लागले आणि असं सलग दोन तास झालं, तर थेट रुग्णालय गाठायचं.

नौपाडकर

कागदपत्रांबद्दल मी लिहितो, कारण बऱ्याच बायका टेबलावरूनच परत पाठवल्या जातात.

फॉर्म सी हा संमतीचा कागद. त्यावर बाईचं नाव, अमक्याची मुलगी किंवा पत्नी, वय, कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता, कुठे गर्भपात करायचा त्या जागेचं नाव, आणि खाली तिची सही. बस. सज्ञान बाईच्या बाबतीत नवऱ्याच्या सहीची जागाच त्या कागदावर नाही. अठराखालील मुलगी किंवा मानसिक आजार असलेली बाई असेल तरच पालकाची सही. तरी ठाण्यात काय नि वाशीत काय, छापील फॉर्मखाली शिक्का मारून नवऱ्याची सही मागणारी ठिकाणं आहेत. नियमांत आधार कार्डाचीही अट नाही, आणि चोवीस आठवड्यांच्या आत कोर्टाचा आदेश तर नाहीच नाही.

वीस आठवड्यांपर्यंत डॉक्टरचं मत फॉर्म आय मध्ये. वीस ते चोवीस असेल तर दोन डॉक्टरांचं मत फॉर्म ई मध्ये. मंडळाचा अहवाल फॉर्म डी. दाखल रजिस्टर फॉर्म तीन, ते गोपनीय, आणि वर्ष संपल्यापासून पाच वर्षं जपायचं. बाईची ओळख कायद्याने अधिकार असलेल्या व्यक्तीखेरीज कुणाला सांगितली तर कलम ५अ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. रिसेप्शनवर मोठ्याने नाव पुकारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

जागा मान्यताप्राप्त आहे का, हे आधी बघा. प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म बी, येणाऱ्याला सहज दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. त्यावर किती आठवड्यांपर्यंतची मान्यता आहे तेही वाचा. बाराच आठवड्यांची मान्यता असलेल्या ठिकाणी अठराव्या आठवड्यात गेलात, तर तपासण्यांत आठवडा जाईल आणि मग पुढे पाठवतील. बिगरमान्य जागी केलं तर करणाऱ्याला आणि मालकाला दोन ते सात वर्षं सक्तमजुरी.

वीस ते चोवीसमधले गट नियम ३ब मध्ये आहेत: बलात्कार किंवा जवळच्या नात्यातल्या अत्याचाराची पीडिता, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, मोठं शारीरिक अपंगत्व, मानसिक आजार, गर्भात गंभीर व्यंग, आणि सरकारने जाहीर केलेली आपत्ती. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही यात धरलं, आणि एमटीपी कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच मानला.

पामबीच

नौपाडकर, डॉक्टर, माहिती मोलाची आहे. आयर्लंडचा मुद्दा मला पूर्ण पटला. जीव धोक्यात असताना थांबणं चूकच. गर्भधारणेपासून व्यक्ती, हेही मी आता म्हणणार नाही. पण जगू शकेल एवढा वाढलेला गर्भ, त्याचं काय? सर्वोच्च न्यायालयानेच २०२३ मध्ये परवानगी नाकारली होती ना?

तलावपाळी

नाकारली होती. हा धागा काढायचं मुख्य कारण तोच खटला.

दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर औषधं सुरू, अंगावर पाजत असताना नकळत दिवस राहिलेले. ९ ऑक्टोबर २०२३ ला दोन न्यायमूर्तींनी परवानगी दिली. मग एम्सच्या डॉक्टरने विचारलं की गर्भ जगण्याजोगा आहे, तर आधी हृदय थांबवायचं का? ११ ऑक्टोबरला त्याच दोघींमध्ये मतभेद झाला. १६ ऑक्टोबरला तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या तीन सदस्यांच्या खंडपीठाने नकार दिला. गर्भ २६ आठवडे ५ दिवसांचा, व्यंग नाही, बाईच्या जिवाला तात्काळ धोका नाही, म्हणून ना कलम ३ लागू ना कलम ५. सुनावणीत न जन्मलेल्या मुलाच्या हक्काचा उल्लेख झाला, पण निकाल उभा राहिला तो कायद्याच्या चौकटीवर. भ्रूण व्यक्ती आहे असं न्यायालयाने कुठेही म्हटलेलं नाही. तरीही त्या बाईसाठी परिणाम तोच झाला. २००९ मध्ये याच न्यायालयाने मूल होऊ देणं वा न देणं हा अनुच्छेद २१ मधल्या वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग मानला होता. ते स्वातंत्र्य कायद्याने आखलेल्या खिडकीपुरतंच, असं २०२३ मध्ये ठरलं.

आपल्या ठाणे जिल्ह्याचा याच्याशी जुना संबंध आहे. २००८ मध्ये भाईंदरच्या एका जोडप्याने डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष होता, तो विसाव्या आठवड्यानंतर कळला. तेव्हा वीसच्या पुढे वाटच नव्हती, न्यायालयाने नकार दिला. २०२१ ची दुरुस्ती व्हायला त्यानंतर तेरा वर्षं लागली. जानेवारी २०२३ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने बत्तिसाव्या आठवड्यात, मंडळाचं मत विरोधात असतानाही परवानगी दिली. व्यंग गंभीर आहे हे मंडळच मान्य करत होतं. मग निवड करण्याचा हक्क बाईचा, मंडळाचा नाही, असं न्या. गौतम पटेल आणि न्या. डिगे यांच्या खंडपीठाने म्हटलं. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मंडळाने फक्त व्यंग आहे की नाही एवढंच न बघता मुलीच्या शारीरिक आणि मानसिक स्थितीवर मत दिलं पाहिजे.

पामबीच, जगू शकणाऱ्या गर्भाबद्दलची तुमची काळजी मला खोटी वाटत नाही. पण चोवीसच्या पुढे कोण येतं ते बघा: उशिरा कळलेलं व्यंग, धमकावून गप्प ठेवलेली मुलगी, पाळी न येताच दिवस गेलेली बाई. हौसेने सहा महिने थांबणारी कुणी नसते. उशीर कमी करायचा असेल तर पहिला स्कॅन, जवळचं मान्यताप्राप्त केंद्र आणि तीन दिवसांत मत देणारं मंडळ यांनी होतो. भ्रूणाला दर्जा देऊन यातलं काहीच लवकर होत नाही, उलट प्रत्येक पायरीवर एक घाबरलेला डॉक्टर वाढतो.

डॉ. कोपरी

हृदय थांबवण्याबद्दल. साधारण बावीस आठवड्यांच्या पुढे, गंभीर व्यंगासाठी परवानगी मिळाल्यावर, प्रक्रियेआधी सोनोग्राफीखाली गर्भाच्या हृदयात पोटॅशियम क्लोराइड देतात. तसं न केल्यास मूल जिवंत बाहेर येऊ शकतं, आणि त्या क्षणापासून ते कायद्याने व्यक्तीच असतं; त्याला शक्य ते सगळे उपचार द्यावे लागतात. २०१९ च्याच निकालात उच्च न्यायालयाने म्हटलंय की अशा मुलाची जबाबदारी घ्यायला आईवडील तयार नसतील किंवा समर्थ नसतील, तर ती राज्याने घ्यायची. म्हणून मंडळाच्या अहवालात हा मुद्दा लिहून मागा. नाहीतर ऐन वेळी लेबर रूममध्ये वाद होतो.

खारघर१२

अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोलिसांना कळवावंच लागतं का? बऱ्याच जणी त्याच भीतीने भोंदूकडे जातात.

नौपाडकर

पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे डॉक्टरने कळवणं बंधनकारक आहे. पण २०२२ च्या त्याच निकालानुसार मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर त्या कळवण्यात तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. ही विनंती लेखी घ्या आणि केसपेपरला जोडा. गुन्हा आधीच दाखल असेल तर गर्भाचा नमुना डीएनएसाठी लागतो. तपास अधिकाऱ्याला प्रक्रियेच्या आधी कळवा आणि नमुना फॉर्मलिनमध्ये टाकू नका. फॉर्मलिनमध्ये डीएनए खराब होतो आणि पुरावाच जातो. नमुना थंड ठेवून, सील करून, सही घेऊन सोपवायचा.

तलावपाळी

शेवटी कोर्टात जावंच लागलं तर. ठाणे आणि रायगड दोन्ही जिल्ह्यांची याचिका फोर्टला, उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठाकडे, अनुच्छेद २२६ खाली. सोबत पहिल्या तिमाहीतला स्कॅन, ॲनोमली स्कॅन, तज्ज्ञाचं लेखी मत आणि प्रतिज्ञापत्र. तातडीच्या सुनावणीसाठी अर्जात आजचे आठवडे आणि दिवस पहिल्याच ओळीत लिहा. पीडितेचं नाव कुठेही येऊ देऊ नका, ‘एक्सवायझेड’ लिहितात. न्यायालय बहुतेकदा जे.जे. रुग्णालयाच्या मंडळाकडून अहवाल मागवतं, त्यामुळे मुलीला घेऊन एक दिवस तिथे जाण्याची तयारी ठेवा. पण गर्भात गंभीर व्यंग असेल तर आधी थेट मंडळाकडे लेखी अर्ज करून पोच घ्या. तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर तीच पोच याचिकेला लावता येते.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोन १५१००.

खारघर१२

आणि आम्ही नवी मुंबईत राहतो म्हणून ठाण्याच्या कार्यालयात गेलो तर चालेल का?

नौपाडकर

ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात. जागेच्या मान्यतेची तक्रार किंवा विधी सेवेचा अर्ज रायगडच्या यंत्रणेकडे गेला पाहिजे, नाहीतर इकडून तिकडे पाठवण्यात दोन-तीन दिवस जातात. उपचाराला मात्र जिल्ह्याची अट नाही. तुम्ही वाशीच्या, कळव्याच्या किंवा मुंबईच्या सरकारी रुग्णालयात थेट जाऊ शकता. १५१०० वर फोन केलात तर सुरुवातीलाच ‘रायगड’ सांगा.